चार मीटरला पाच मिलिमीटर कमी

२०१२ सालच्या स्विफ्ट डिझायरकडे एकदा बाजूनं नीट पाहा. मागचं दार संपतं, आता डिकी सुरू होणार असं वाटतं आणि तेवढ्यात गाडीच संपते! २००८ ची पहिली डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती; ही ३९९५. ही शेपटी छाटली अर्थखात्यानं. २००६ च्या बजेटात चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं, आणि तेव्हापासून आपल्याकडे गाडीची पहिली रेघ अर्थमंत्रीच ओढतात. ब्रेझा ३९९५, व्हेन्यू ३९९५, सोनेटही ३९९५. ते पाच मिलिमीटर बहुधा नंबरप्लेटचा स्क्रू बाहेर आला तर असावेत म्हणून.

एवढ्या लांबीत इंजिन, पाच जणांचे गुडघे आणि लग्नाला निघालेल्यांच्या बॅगा बसवायच्या. त्यात पादचाऱ्याचं डोकं आपटलं तर खाली जागा हवी, म्हणून बॉनेट उंच. डिझायनरच्या वाट्याला उरतात दिवे आणि ग्रिल.

बरं, त्यानं काढलीच एखादी झोकदार रेघ, तरी ती पत्र्यात उतरायला हवी. एका पॅनलला एक डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा पोलादी साचा, पुरत नाही. आधी पत्रा ओढायचा, मग कडा कापायच्या, भोकं पाडायची, कडा दुमडायच्या. प्रत्येकाची डाय वेगळी. भोसरी-चाकणकडच्या टूलरूममध्ये, म्हणजे डाया घडवणाऱ्या कारखान्यात, हे काम बघण्यासारखं असतं. डायला निळा रंग फासून प्रेस मारायचा, निळं कुठं उमटलं ते बघायचं, तेवढंच हातानं घासायचं, पुन्हा प्रेस. रेघ जरा जास्त धारदार असली की पत्रा कोपऱ्यात फाटतो. मग निरोप जातो, रेघ बोथट करा. डायांचे कोट्यवधी रुपये वसूल व्हायचे तर तोच साचा वर्षानुवर्षं चालवावा लागतो. टाटांची नवी सिएरा २०२० च्या ऑटो एक्स्पोत कल्पना म्हणून दिसली, बाजारात यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. ती चार मीटरच्या वर, म्हणजे जीएसटी ४० टक्के.

आणि एवढं करून गिऱ्हाइकाला तरी वेगळं कुठं हवं असतं? १९९१ ची सिएरा काय देखणी होती! मागची काच थेट छतापर्यंत वळलेली. पण दारं दोनच. आत्यानं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "मागचं दार बसवायचं विसरले वाटतं रे?" आतोबांनी मुकाट्यानं पद्मिनी घेतली.