दुपारचा फळा

गोल्फ कोर्सची सकाळ आदल्या दुपारी दोन-अडीचलाच ठरते. माळी जेवून पांगलेले असतात, शेडमध्ये पेट्रोलचा आणि ओल्या गवताचा मिसळलेला वास असतो आणि मुकादम उद्याची कामं लिहायला फडक्याने फळा पुसत असतो. काही ठिकाणी हे पहाटे 5 ला, हजेरी घेता घेता चालतं. मला ते अजिबात पटत नाही. 10 माणसं 15 मिनिटं चहाचे ग्लास धरून ताटकळली की अडीच तास गेले, आणि तेही दिवसातले सगळ्यात महागडे. साडेसहाला पहिली चौघांची चौकडी टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, आली की पुढचं प्रत्येक काम थांबत, त्यांना वाट देत करावं लागतं.

फळ्यावर नावं कोणीही लिहील, क्रम लावताना कस लागतो. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, आधी हवा मारणारा ब्लोअर, मग कटिंग, मग कप, म्हणजे चेंडू जायचं ते भोक. बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, उडालेली वाळू तशीच राहिली तर रीलची, म्हणजे मशीनच्या फिरत्या पात्यांची, धार जाते. धार तपासायला कागदाची पट्टी पुरते, सरळ कापली न जाता फाटली तर मशीन शेडबाहेर काढायचंच नाही. हाताने चालवायच्या मशीनला 500 चौरस मीटरच्या ग्रीनसाठी, गवताचा डबा रिकामा करणं धरून, अर्धा तास लागतो. 18 ग्रीन म्हणजे 9 तास. 6 माणसं, प्रत्येकी 3 ग्रीन, दीड तास आणि वर जाण्यायेण्याचा वेळ.

कापायची दिशा घड्याळाच्या आकड्यांत लिहायची: आज 12-6, उद्या 3-9. रोज एकाच बाजूने कापलं की गवत तिकडेच झुकतं आणि पट केलेला, म्हणजे भोकाकडे हळूच ढकललेला, चेंडू ओढला जातो. कडेच्या गोल फेरीला मात्र हा उपाय नाही, चाकं रोज त्याच पट्ट्यावरून जातात. आठवड्यातून एक-दोनदा त्या फेरीला सुट्टी द्यावी. ती फळ्यावर लिहायचं राहून जातं आणि उन्हाळ्यात ग्रीनभोवती पिवळं कडं उमटलं की लोक खताला नावं ठेवतात.

कपाचं काम ज्याच्या त्याच्या हाती देऊ नये. भोक 108 मिमी रुंद, किमान 101.6 मिमी खोल. आतली डबी मातीच्या वरच्या कडेपासून किमान 25.4 मिमी खाली. हे नियमातच आहे. कौशल्य जुनं भोक बुजवताना दिसतं. नव्या भोकातला गवतासकट गट्टू जुन्यात बसवायचा, खालची माती आधी मोकळी करून उंची जमवायची, तळव्याने दाबायचा, पाणी द्यायचं. उंच राहिला तर मशीन त्याची टाळू सोलतं आणि तिथे तपकिरी चकती उरते. खोल गेला तर चेंडू ठेचकाळतो. जागा निवडताना 6 पिन (भोकातले झेंडे) पुढे, 6 मध्ये, 6 मागे असा हिशेब ठेवावा, नाहीतर मेंबर मंडळींचं दिवसभर तेच बोलणं.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर एरवी रविवारी खेळ बंद असतो, लोक फिरायला येतात. आपल्याकडे बऱ्याच क्लबांचा बंद सोमवारी. टोचणी (जमिनीला भोकं पाडणं), वाळू टाकणं, औषध मारणं अशी पसाऱ्याची कामं त्या दिवसावर ढकलावीत.

पुण्यात जून लागला की फळ्याला दुसरा रकाना हवा: पाऊस पडला तर. भिजलेल्या फेअरवेवर, म्हणजे टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्यावर, जड मशीन घातलं की चाकोऱ्या पडतात आणि त्या दिवाळीपर्यंत भरत नाहीत. त्या दिवशी निचऱ्याच्या जाळ्या साफ करणं, बंकरमधलं पाणी उपसणं, शेडमध्ये बसून ब्लेडला धार लावणं. रकाना नसेल तर सगळे पत्र्याखाली उभे राहून आभाळ बघतात.

आणि गणपतीत निम्मे गावी. मग काय सोडायचं तेही आधीच ठरलेलं असावं: पहिल्यांदा रफ (कडेचं उंच गवत), मग फेअरवे, मग बंकर. ग्रीन आणि कप शेवटपर्यंत सोडायचे नाहीत. रफ गुडघ्याला लागलं म्हणून तक्रारी येतात. येऊ देत, चेंडू तिकडे मारायला कोणी सांगितलं होतं?