कॅसेटवाला व्हिडिओ गेम: खोलण्याआधी पडदा बघा

नव्वदच्या दशकात आपल्याकडे मिळणारे कॅसेटवाले व्हिडिओ गेम म्हणजे बहुतेक निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमच्या नकला. कॅसेटला ६० पिना, आत ५ व्होल्टवर चालणारा बोर्ड. माळ्यावरून काढलेला गेम चालू झाला नाही की तो थेट भंगारात जातो, ते मला पाहवत नाही. यातले कितीतरी गेम नुसत्या मळलेल्या पिनांमुळे अडलेले असतात. म्हणून मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी टीव्हीचा पडदा बघतो. निम्मं निदान तिथेच होतं.

लाल दिवाच लागत नसेल तर आधी ॲडॉप्टर. मूळ फॅमिकॉमच्या जॅकमध्ये आतली बाजू ऋण असते, नकलांमध्ये मात्र दोन्ही प्रकार सापडतात. गेमच्या खोक्यावरची धन-ऋणाची खूण वाचल्याशिवाय मी दुसरा ॲडॉप्टर लावत नाही. ट्रान्सफॉर्मरवाला जुना ९ व्होल्टचा ॲडॉप्टर गेमला न जोडता मल्टिमीटरने (व्होल्ट मोजायच्या यंत्राने) मोजला तर १२-१३ व्होल्ट दाखवतो. तो बिघाड नव्हे, भार पडला की आकडा उतरतो.

गेमच्या आत सहसा ७८०५ रेग्युलेटर असतो, म्हणजे ॲडॉप्टरच्या व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा तीन पायांचा भाग. अक्षरं आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. मधला आणि उजवा यांत ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळाले की वीज ठीक. ९ चे ५ करताना उरलेले ४ व्होल्ट उष्णता होऊन जातात. बोर्ड ४०० मिलिअँपिअर ओढत असेल तर १.६ वॉट. हीटसिंकचा, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीचा, स्क्रू ढिला असेल तर रेग्युलेटर तापून स्वतःच बंद होतो. गेम थोडा वेळ चालून गेला आणि गार झाल्यावर परत आला, तर आधी तोच स्क्रू आवळायचा. पडद्यावर आडवे पट्टे सरकतात आणि टीव्ही घुमतो, तेव्हा मला फिल्टरच्या कपॅसिटरचा, म्हणजे विजेतले चढउतार सपाट करणाऱ्या भागाचा, संशय येतो. नवा तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, कपॅसिटरच्या अंगावर पट्टा छापलेली बाजू ऋण.

दिवा लागतो पण पडदा एकाच रंगाचा राहतो, याचा अर्थ प्रोसेसरला कॅसेटमधला प्रोग्राम वाचता येत नाही. गेम चालतो, उडीचा आवाज येतो, पण मारिओच्या जागी आकडे आणि विटांचे तुकडे दिसतात, तर दोष चित्रांच्या पिनांमध्ये. मारिओच्या कॅसेटमध्ये प्रोग्राम आणि चित्रं वेगळ्या ठिकाणी असतात, पिनाही वेगळ्या. मूळ फॅमिकॉममध्ये तर आवाजसुद्धा ४५ नंबरच्या पिनेतून कॅसेटमध्ये जातो आणि ४६ मधून परत येतो. तेवढ्या दोनच मळल्या तरी चित्र लख्ख आणि गेम मुका! यानंतर दुसरी कॅसेट लावून बघायची. दोन्हींत तोच दोष आला तर स्लॉट, एकीतच आला तर ती कॅसेट.

कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय आपल्या सगळ्यांची, पण ती सोडाच. तोंडाची वाफ पिनांवर बसते आणि गंज वाढतो. फुंकल्यावर गेम चालायचा तो मुख्यतः कॅसेट काढून परत बसवल्यामुळे. मी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. इअरबड ओला करायचा, निथळता नको, आणि पिनेच्या लांबीने ओढायचा. आडवा घासला तर कापसाचे धागे अडकतात. बड पांढरा निघेपर्यंत नवे घेत राहायचं, मग ५ मिनिटं वाळू द्यायचं. कोकणातल्या दमट हवेत ठेवलेल्या कॅसेटवर हिरवट थर चढलेला असतो. तो आधी पांढऱ्या व्हिनेगरच्या बडने काढायचा, लगेच अल्कोहोलने पुसायचं. खोडरबर पिनांवरचा धातूचा मुलामा झिजवतो, म्हणून तो अगदी शेवटी. पॉलिश पेपर कधीच नाही.

स्लॉटमध्ये बड शिरत नाही. जुन्या एटीएम कार्डाच्या आखूड बाजूला मलमलचा पातळ कपडा एकपदरी गुंडाळून, अल्कोहोलने ओलसर करून १०-१५ वेळा सरळ खालीवर करायचं. ही बाजू ५४ मिलिमीटर आणि स्लॉट सुमारे ७६, म्हणून आधी एक टोक, मग दुसरं. जाड कपडा कोंबला तर आतल्या पत्त्या कायमच्या फाकतात आणि मग कॅसेट सैल बसते.

एवढं करूनही कॅसेट हलवली की चित्र बदलत असेल, तर बोर्ड काढून उलटा करायचा. कॅसेट खुपसताना सगळा जोर स्लॉटखालच्या सोल्डरवर येतो. भिंगातून पाहिलं तर तुटलेल्या सांध्यात पिनेभोवती केसाएवढं गोल कडं दिसतं. थोडा फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा पदार्थ) लावून, ३५० अंश सेल्सिअसवर सोल्डरिंग आयर्नचं टोक दोन-तीन सेकंद टेकवून किंचित नवं सोल्डर द्यायचं. शेजारच्या पिना जोडल्या गेल्या नाहीत ना, हे मल्टिमीटरने तपासायचं. बोर्डावरचा डांबरासारखा काळा थेंब म्हणजे मुख्य चिप; तीच गेली असेल तर त्या बोर्डाला उपाय नाही.

रिमोटचं एकच बटण दाबलं जात नसेल तर त्याखालचं काळं रबर आणि बोर्डावरची कार्बनची जागा हलक्या हाताने पुसायची. सगळीच बटणं मेली असतील तर वायर बघायची, ती बहुतेक रिमोटमध्ये शिरते तिथेच तुटते. तिथून ३ सेंटिमीटर कापून, रंग लिहून ठेवून परत जोडायची. गेमची खेळण्यातली बंदूक मात्र एलसीडी टीव्हीवर चालत नाही. तिला जुना काचेच्या ट्यूबचाच टीव्ही लागतो.