एकाला हवा नको, दुसऱ्याला हवीच

उत्तम कॉफी आणि हाताने घडवलेला कप ही जोडी फोटोत फार शोभते. प्रत्यक्षात दोघांचे स्वभाव अजिबात जुळत नाहीत. बियांना वारा लागला की त्या उतरतात, आणि कपाला वारा मिळाला नाही की तो कुरकुरतो. एकाच फळीवर शेजारी नांदणाऱ्या या दोघांची बडदास्त उलटसुलट ठेवावी लागते.

स्पेशालिटी म्हणवून घ्यायचं तर कॉफीला परीक्षकांकडून १०० पैकी किमान ८० गुण मिळवावे लागतात. एवढी हुशार मुलगी, पण भाजल्यावर तिचे बहराचे दिवस मोजकेच. भाजताना बियांच्या पोटात कार्बन डायऑक्साइड कोंडतो आणि पुढे कित्येक दिवस तो हळूहळू सुटत राहतो. पाकिटावरची ती इवलीशी झडप त्यासाठीच असते. आतला वायू बाहेर सोडते, बाहेरची हवा आत घेत नाही. (पाकीट दाबून तिथे नाक लावायचा मोह मला आवरत नाही. तेवढा सुगंध कपाऐवजी नाकात खर्ची पडतो, पडो बापडा.) म्हणून पाकिटावर मी आधी भाजल्याची तारीख शोधते. अगदी कालची नको. फार ताज्या पुडीवर गरम पाणी पडलं की ती फसफसून फुगते आणि पाणी नीट मुरतच नाही. आठवडाभर दम धरावा, मग पुढचे तीन-चार आठवडे तिचे. दळायची मात्र आयत्या वेळीच, कारण पूड झाली की हवेला रान मोकळं. फ्रीजमध्ये ठेवून सारखी उघडझाप करणं तर नकोच. गार बियांवर लगेच बाहेरच्या हवेतली ओल धरते.

आता कप. तो उपडा करून बुड पाहावं. खालची गोल कडा कोरी असते, कारण तिथे झिलई, म्हणजे मातीवरचा काचेसारखा लेप, लावली तर ती भट्टीत वितळून भट्टीतल्या फळीला चिकटेल. १२०० अंशांच्या वर भाजलेल्या स्टोनवेअरची माती घट्ट झालेली असते, ती फारसं पाणी पीत नाही. कमी आचेची माती मात्र सच्छिद्रच राहते आणि या कोऱ्या कडेतून गुपचूप पाणी पिते. असा कप धुतल्या धुतल्या कपाटात रचला तर ओल आतच कोंडते, वास धरतो. मायक्रोवेव्हमध्ये ही मुरलेली ओल तापते. मग कॉफी कोमट आणि कपाचा कान हातात धरवेना, असा उफराटा प्रकार होतो. धुतल्यावर रात्रभर उघड्यावर राहू द्यावा, बस्स.

झिलई मातीपेक्षा जास्त आकसली की तिच्यावर बारीक जाळी पडते आणि तिच्यात कॉफीचा रंग भरत जातो. पुष्कळांना त्यात सौंदर्य दिसतं. मलाही दिसतं, पण फुलदाणीवर. रोज तोंडाला लावायच्या कपावर नको. आतल्या करड्या रेघांना मात्र घाबरू नये. ते बहुधा चरे नसतात, स्टीलचा चमचा झिलईवर घासून मागे राहिलेला धातू असतो. खाण्याच्या सोड्यात थोडं पाणी कालवून मऊ फडक्याने चोळलं की बऱ्याचशा निघतात. खरी शंका आली तर टिचकी मारावी. एरवी खणखणीत वाजणारा कप बद्द वाजला, तर कुठेतरी केसाएवढा तडा आहे.

दोघांचं एकमत होतं ते एकाच बाबतीत. कॉफी ओतण्याआधी कप गरम पाण्याने विसळून घ्यावा. मातीला एकदम झटका बसत नाही आणि कॉफी लगेच निवत नाही. हलक्या भाजणीच्या कॉफीतला फळांचा आंबटगोडपणा ती जराशी निवतानाच कळू लागतो, तो सावकाश उलगडावा म्हणून मला अंगाने जाड पण ओठाशी पातळ झालेला कप लागतो. असा कप चाकावर घडवणं सोपं नाही, हे मान्य. मागायला काय जातं?