शेताची राखण आणि नेमबाजी : बोअर निवडताना आलेला माझा अनुभव

संभाजीनगरकडच्या गौताळ्याच्या डोंगराला लागून रान असलं की मका दुधात आल्यावर जागलीला जावंच लागतं. रानडुकरं कळपानं घुसतात, रोही म्हणजे नीलगाय कुंपणावरून उडी टाकून येतो, आणि बिबट्याचे ठसे बांधावर उमटलेले असतात. हत्यार घ्यायचं ठरवलं तेव्हा माझ्याही मनात तेच होतं जे बहुतेकांच्या मनात असतं : कमरेला लागेल असं एक रिव्हॉल्व्हर, रात्री रानात चालेल आणि सुट्टीच्या दिवशी रेंजवरही. परवान्याच्या सगळ्या पायऱ्या चढून झाल्यावर सांगतो, आपल्याकडे मिळणाऱ्या बोअरमध्ये, म्हणजे नळीच्या आतल्या मापांमध्ये, ही दोन कामं एका हत्यारात बसत नाहीत.

.४४ मॅग्नम आणि १० एमएम या दमदार काडतुसांची जी चर्चा वाचायला मिळते ती अमेरिकेतल्या अस्वलांच्या जंगलातली आहे. आपल्याकडे ९ एमएम आणि .४५ हे प्रतिबंधित बोअर, सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. दुकानात नवं हत्यार बघायला गेलं की समोर येतं ते .३२, फार तर .२२. कानपूरचं ‘निर्भीक’ आणि ‘प्रबल’ ही .३२ ची रिव्हॉल्व्हर, ईशापूरचं ‘अशनी’ हे .३२ चं पिस्तूल.

आता ताकदीचं बघू, कारण सगळा निकाल इथंच लागतो. .३२ रिव्हॉल्व्हरची गोळी साधारण सहा-साडेसहा ग्रॅमची, नळीतून सुटताना तिची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास. .३५७ मॅग्नम सातशेच्या घरात, .४४ मॅग्नम हजाराच्या वर. बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीतून मारायची एकच मोठी गोळी २८ ग्रॅमच्या आसपास, तिची ऊर्जा अडीच-तीन हजार ज्यूल. आणि समोर नर डुक्कर असेल तर त्याच्या खांद्यावर चिवट, जाड कातडीचं कवच असतं. नर एकमेकांना सुळे मारतात ते या कवचावरच झेलतात. .३२ ची गोळी तिथं अडकली तर डुक्कर पडत नाही, जखमी होऊन उसात शिरतं. सकाळी तिथं ऊस तोडायला जाणाऱ्या बाईमाणसाचा जीव त्यामुळे धोक्यात येतो. म्हणून जनावरासाठी .३२ नकोच, हे मी ठाम सांगतो.

हाच .३२ रेंजवर, निशाण्याच्या कागदावर मात्र फार गुणी आहे. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल स्पर्धेत जगभरचे नेमबाज सपाट तोंडाची .३२ लाँग गोळी वापरतात. धक्का कमी, आणि कागदाला पडणारं भोक पंचिंग मशीननं पाडल्यासारखं गोल, कडा स्वच्छ, त्यामुळे गुण मोजताना वाद होत नाही.

एक चूक नवखे हमखास करतात. .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस आणि .३२ पिस्तुलाचं, म्हणजे ७.६५ एमएमचं काडतूस, ही दोन वेगळी आहेत. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची बुडाची कड ठळक बाहेर आलेली असते, पितळी नळकांडी लांब असते. पिस्तुलाचं काडतूस आखूड, कड जेमतेम. एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही, बसलं तरी नाही. परवान्यावर हत्याराचा प्रकार आणि बोअर स्पष्ट लिहिलाय का, हे खरेदीआधी वाचा.

शेवटी शेतासाठी मी बारा बोअर दुनळीचा अर्ज केला. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १३ इथं शेतकऱ्याच्या बाजूनं आहे. पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि संरक्षण किंवा खेळासाठी २० इंच किंवा जास्त लांब, आतून गुळगुळीत नळीची बंदूक, यांचा परवाना द्यावा असं ते म्हणतं. पीकरक्षणाला ठासणीची पुरणार नाही हे पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. म्हणून अर्जात ‘वन्यप्राण्यांचा त्रास’ एवढंच लिहू नका. गट नंबर, पीक, नुकसानीच्या तारखा, वनखात्याचे पंचनामे जोडा. रिव्हॉल्व्हरच्या अर्जाला या कलमाचा आधार मिळत नाही.

अर्ज नमुना ए-१ मध्ये, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तांकडे. वय २१ पूर्ण हवं. सातबारा, ८-अ, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. फाईल अडते ती पोलीस अहवालावर. ठाण्यातून निघाला, पुढच्या कार्यालयात पडून राहिला, असं होतं. प्रत्येक ठिकाणचा जावक क्रमांक लिहून ठेवा, म्हणजे ‘इथं आलंच नाही’ या उत्तराला उत्तर राहतं. जमीन कमी म्हणून नाकारता येत नाही, कलम १४ तसं सांगतं, आणि नकाराची कारणं लेखी मागता येतात.

परवाना मिळाला म्हणजे शिकारीची मुभा मिळाली नाही. डुक्कर आणि रोह्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी. बिबट्या आणि काळवीट वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणात आहेत. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेनं केलेलं कृत्य वन्यजीव कायद्यानं गुन्हा ठरत नाही, पण शेळी नेली म्हणून बिबट्यावर गोळी घालता येत नाही. २०२० साली आष्टी तालुक्यात माणसं मारणाऱ्या बिबट्यालाही मारायला वनखात्याचा आदेश लागला होता. बिबट्यापासून वाचायचं तर वाकून एकट्यानं पाणी धरू नका, जोडीनं जा, बॅटरी आणि काठी हातात असू द्या. मागून येणाऱ्या जनावरापुढे कमरेचं पिस्तूल काढायला वेळ मिळत नाही.

नेमबाजीची हौस असेल तर सुरुवात .१७७ एअर पिस्तुलानं करा. २० ज्यूलच्या आतल्या .१७७ एअरगनला परवाना लागत नाही. १० मीटरवर दहाचं वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटरचं असतं, चाप ओढताना बोट किती हलतं ते तिथं लगेच उघडं पडतं. पुढची पायरी .२२. हे काडतूस स्वस्त, पण त्याचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, ओल लागली की फुसकं जातं. चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी निशाण्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, मग उघडा.

बारा बोअरचं कागदी काडतूस पावसाळ्यात फुगतं आणि नळीत ते बसवायच्या जागी अडकतं. डब्यात कोरडं ठेवा, ठोकून बसवू नका. एकच गोळी असलेलं काडतूस तोंडाशी आवळलेल्या नळीतून मारण्याआधी ती नळी त्यासाठी आहे का, हे बंदूकवाल्याला विचारा, नाहीतर नळीचं तोंड फुगतं. छऱ्यांचा फैलाव रेंजवर २५ मीटरवर मोठ्या कागदावर बघा. माझ्या दोन नळ्यांचा फैलाव वेगळा निघाला, डावीचा घट्ट.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करायला सांगतात. जमा करण्याआधी नळ्यांना आतून तेलाचं फडकं फिरवा, आणि पावतीवरचा नंबर बंदुकीवरच्या नंबराशी अंक अंक जुळवून मगच तिथून निघा.