आमचे 10 किलोमीटर 38 मीटरने कमी भरले

आमची 10 किलोमीटरची शर्यत सहा वर्षे एकाच मार्गावर होत होती, आणि त्या अंतराविषयी आम्हाला कधी शंका आली नव्हती, कारण धावणाऱ्यांच्या मनगटावरची घड्याळे दर वर्षी 10.05 किंवा 10.10 दाखवत. मार्ग अधिकृतपणे मोजून घ्यायचे ठरले ते आमच्याकडे नोंदवलेली वेळ इतर शर्यतींच्या प्रवेशासाठी ग्राह्य धरली जावी, एवढ्याचसाठी.

मोजणीसाठी आलेल्या बाई जागतिक मान्यतेच्या यादीतील ‘बी’ श्रेणीच्या मापक होत्या. त्यांनी आधी नकाशा आणि सुरुवात व शेवट या दोन्ही ठिकाणांची उंची मागवली होती. विक्रमासाठी मार्ग पात्र ठरायचा, तर त्या दोन ठिकाणांमधले सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त नसावे आणि एकूण उतार किलोमीटरमागे 1 मीटरच्या आत असावा लागतो. आमचा मार्ग जाऊन परत येण्याचा असल्याने त्यात काहीच अडचण आली नाही.

खरे काम पहाटे सुरू झाले, आणि तेही शर्यतीच्या रस्त्यावर नव्हे. जवळच्या एका सरळ, सपाट रस्त्यावर आम्ही स्टीलच्या टेपने 300 मीटर मोजले. टेपच्या टोकाला स्प्रिंगचा काटा लावून ठरलेला ताण द्यायचा आणि दर खेपेला रस्त्याचे तापमान टिपायचे. टेपवरच्या खुणा 20 अंश सेल्सिअसला खऱ्या असतात. रस्ता 30 अंशांवर असल्याने 300 मीटरमागे साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडत होता आणि तो हिशेबात धरला गेला. इतकी काटेकोरता मला तेव्हा अंमळ अतीच वाटली, हे कबूल करतो.

त्याच पट्ट्यावर बाईंनी सायकल चार वेळा चालवली. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर होता. अ‍ॅलन जोन्स यांनी 1970 च्या दशकाच्या आरंभी बनवलेले हे छोटे यंत्र चाकाच्या फिरण्याबरोबर आकडे पुढे सरकवते, आणि त्याचा एक आकडा म्हणजे साधारण 9 सेंटिमीटर. रेघेपाशी आल्यावर ब्रेक दाबून, चाकाचा आस बरोबर रेघेवर आणून, खाली वाकून आकडा वाचायचा. चार खेपांना 3371 च्या अर्धा आकडा अलीकडे-पलीकडे नोंदी आल्या. त्यावरून एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते निघाले, आणि त्याला 1.001 ने गुणले गेले. मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे 1 मीटर जादा धरण्याची ही तजवीज आहे.

मग मूळ मार्ग. त्यासाठी रस्ता थोडा वेळ बंद ठेवून, पुढे-मागे गाडी देऊन बाई निघाल्या. सर्वांत छोटी वाट, म्हणजे धावणाऱ्याला जी रेषा पकडता येईल ती, वळणावर कडेपासून 30 सेंटिमीटर अंतर राखून मोजायची असते. आम्ही आजवर रस्त्याच्या मध्यातून हिशेब केला होता, आणि डाव्या वळणातून लगेच उजवीकडे जाणारा धावपटू रस्ता तिरका ओलांडतो, हे तर आमच्या लक्षातही आले नव्हते. घड्याळे जास्त का दाखवत होती तेही तिथेच कळले: धावणारा नागमोडी जातो, आणि उपग्रहाच्या नोंदीतील बारीक हेलकावेही अंतरातच मोजले जातात.

दोन फेऱ्यांमध्ये केवळ 3 मीटरचा फरक आला. परत आल्यावर पट्ट्यावर पुन्हा चार खेपा झाल्या, तेव्हा आकडा 3369 वर उतरला होता. ऊन चढल्याने टायरमधली हवा फुगली, चाकाचा घेर वाढला आणि तेवढ्याच अंतराला आकडे कमी पडले. 300 मीटरला दोन आकडे, म्हणजे 10 किलोमीटरला सुमारे 6 मीटर! टेपच्या साडेतीन सेंटिमीटरविषयीचे माझे मत तिथेच बदलले.

दोन्ही वेळच्या नोंदी धरून हिशेब झाला तेव्हा आमचा मार्ग 9952 मीटर भरला. जादा धरलेले 10 मीटर सोडले, तरी प्रत्यक्षात 38 मीटर कमीच. 40 मिनिटांच्या आत आलेल्या आमच्या एका धावपटूची वेळ 39:54 होती. त्या गतीने पूर्ण 10 किलोमीटरला 40:03 लागले असते. हे त्याला सांगायचे काम माझ्याकडे आले. तो क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, “म्हणजे अजून पळायचे बाकी आहे.”

दुरुस्ती सोपी निघाली. यू-टर्न 24 मीटर पुढे नेला, म्हणजे जाता-येता मिळून 48 मीटर वाढले. तिथे रस्त्यात खिळा ठोकला आणि दिव्याच्या दोन खांबांपासूनची त्याची अंतरे नकाशावर लिहून ठेवली. बाईंनी बजावले की शर्यतीच्या दिवशी मोजलेली रेषाच खुली राहिली पाहिजे. एका वळणावर वाट अडवणारे शंकू ठेवायचे राहिले आणि धावणारे आतून गेले, तर प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही. त्याची मुदत 5 वर्षांची आहे, पण मार्ग बदलला तर ते आधीच रद्द होते. दुसऱ्याच वर्षी त्या रस्त्यावर नवे डांबर पडले आणि खिळा त्याखाली गेला. टेप आणि नकाशा घेऊन आम्ही दोघे तिथे गेलो, आणि खांबांपासून अंतरे घेऊन अर्ध्या तासात ती जागा पुन्हा रंगवली.