दोन दिवस कयाक, गळ आणि एक गमावलेला नांगर

दोन दिवस कयाकवरून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या अरुंद होडीवरून, मासेमारी करून आलो. मासे सांगण्यासारखे काही मिळाले नाहीत, पण नांगराबद्दल बरंच कळलं, पुढे कोणी जाणार असेल तर कामाला येईल म्हणून लिहितोय.

पहिल्या दिवशी पाणी शांत, चारेक मीटर खोल. माझ्याकडे तो दीड किलोचा घडीचा नांगर, चार पाकळ्यांचा, छोट्या कयाकला बहुतेक जण तोच घेतात. टाकला आणि बसल्या जागी हाताशी जे हँडल आलं त्यालाच दोर बांधला, म्हणजे कयाकच्या बाजूला, मधोमध. अर्धा तास मजेत गेला. मग वारा सुटला, कयाक आडवी झाली, प्रत्येक लाट कुशीवर यायला लागली आणि दोर नेमकी तीच बाजू खाली खेचतोय. गाठ सोडायला गेलो तर ताणाने पार दगड झालेली. शेवटी चाकूने दोर कापला. चाकू लाइफ जॅकेटलाच अडकवलेला होता म्हणून बरं, मागच्या डब्यात असता तर तिथपर्यंत हात पोचायच्या आधी मीच पाण्यात असतो.

तर नांगर बाजूला बांधायचाच नाही. पुढच्या नाहीतर मागच्या टोकाला. आता बसून टोकापर्यंत हात पोचत नाही, त्यासाठी ट्रॉली लावायची. संध्याकाळी मित्राने लावून दिली, भोकंबिकं न पाडता: दोन्ही टोकांच्या हँडलना एकेक कप्पी बांधली, त्यातून दोरीचा लांब फेरा घेतला, फेऱ्यात एक कडी. नांगराचा दोर कडीतून ओवून टाकायचा, मग फेरा ओढत कडी टोकापर्यंत न्यायची आणि दोर आपल्याजवळच्या क्लीटमध्ये (दोर धरून ठेवणाऱ्या खाचेत) अडकवायचा. गाठ नाही, एका हिसक्यात सुटतो.

दुसऱ्या दिवशी मित्राचा जादाचा नांगर घेतला. टाकला, तर घसरतच राहिला. मला वाटलं वजन कमी पडतंय, पण एवढासा नांगर नुसत्या वजनाने धरत नाहीच, ओढ आडवी आली की पाकळ्या रुततात, आणि मी दोरच कमी सोडला होता. चार मीटर पाण्याला निदान बारा मीटर सोडा, वारा असेल तर वीस. मोठ्या बोटीवाले खोलीच्या सातपटसुद्धा सोडतात. नांगराला अर्धा मीटर साखळी जोडली तर दांडा तळाशी आडवा राहतो, फरक लगेच जाणवतो. दोर एवढा सोडला की कयाक बरीच मागे सरकते, त्यामुळे जिथे गळ टाकायचाय त्याच्या बरंच पुढे, वारा किंवा प्रवाह जिकडून येतो त्या बाजूला जाऊन नांगर टाकायचा. अगदी मऊ गाळात मात्र या पाकळ्या नीट धरत नाहीत.

खडकात उलटं, अडकला की निघत नाही. त्यावर जुगाड: साखळी नांगराच्या बुडाला जोडायची, दांड्याच्या बाजूने वर आणायची आणि वरच्या कडीला बारीक झिप टायने (वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्टीने) बांधायची. अडकला तर वल्हवत नांगराच्या पलीकडे जाऊन ओढायचं, झिप टाय तुटतो आणि नांगर बुडाकडून उलटा निघतो. जाड टाय लावू नका, तुटणारच नाही. आमचा एकदा असाच सुटला.

दोराच्या मोकळ्या टोकाला फ्लोट बांधा. मोठा मासा लागला किंवा मोटारबोट अंगावर यायला लागली की दोर सोडून द्यायचा, फ्लोट तिथेच तरंगतो, नंतर येऊन पकडायचा. कंबरेपेक्षा कमी पाणी असेल तर नांगर राहू दे, तळात काठी खोचली तरी भागतं, आवाजही होत नाही. आणि जोरात वाहत्या पाण्यात नांगर टाकूच नका, पाणी कयाकचं टोक खाली दाबतं आणि उलटायला वेळ लागत नाही.

वर काढताना नांगर पाण्यातच चार वेळा हिसळून घ्या. मी तसाच मांडीवर घेतला, परतताना गाडीभर चिखलाचा वास.