बाटली न उघडता

बोर्डोला जाणारे लोक शातो म्हणजे द्राक्षमळ्यांचे वाडे बघतात, चार ठिकाणी वाईन चाखतात. मी ट्राम आणि बस बदलत ग्रादिन्यां गाठलं. या उपनगरातल्या अणुभौतिकीच्या प्रयोगशाळेत माझ्या मावसबहिणीचा दीर पोस्ट-डॉक करतो. जुन्या वाईनचं वय इथे बूच न काढता शोधलं गेलं, एवढं ऐकून होते.

आत गेल्यावर जरा हिरमोडच झाला. शिशाच्या विटांचं एक ठेंगणं कोठार, त्यात किरण टिपणारा जर्मेनियम धातूचा स्फटिक आणि तो गार ठेवायला द्रवरूप नायट्रोजन. बस्स. "शिसं कशाला रे एवढं?" मी विचारलं. "ताई, भिंतीतून, जमिनीतून, तुझ्या-माझ्या अंगातूनही किरण निघतात. तो गोंगाट बाहेर ठेवायचा."

बाटली स्फटिकाला लागून आडवी ठेवतात आणि तासन् तास मोजत बसतात. शोधायचं असतं सिझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य. हे निसर्गात आढळत नाही, अणुस्फोटांतून आलं. पन्नाशी-साठीच्या दशकांतल्या चाचण्यांनी ते जगभर पसरलं, १९६३च्या सुमारास कळसाला पोचलं, चेर्नोबिलच्या अणुभट्टीतल्या अपघातानंतर पुन्हा थोडं वाढलं. द्राक्षांवर बसलं आणि वाईनमध्ये उतरलं. त्याचे गॅमा किरण काचेतून आरपार येतात, म्हणून बूच शाबूत राहतं. ही पद्धत इथल्याच फिलिप ह्युबेर यांची. बाटलीवर १९०० लिहिलंय आणि आत सिझियम सापडलं, तर खेळ खलास.

पण सापडलं नाही तर? माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. १९८५ साली लंडनच्या क्रिस्टीज या लिलावघरात '१७८७, लाफित' आणि 'टीएच.जे.' अशी अक्षरं कोरलेली बाटली १,०५,००० पौंडांना गेली. म्हणे अमेरिकेचे एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांची. त्याच साठ्यातल्या बाटल्या घेतलेल्या बिल कॉक या अमेरिकन उद्योगपतीने पुढे आपल्या बाटल्या ह्युबेरांकडे तपासायला दिल्या. मोजणी झाली आल्प्सच्या पोटात, मोदानच्या भुयारी प्रयोगशाळेत. सिझियम शून्य! म्हणजे वाईन अणुबॉम्बच्या आधीची. पण १७८७ची की १९३०ची, हे यंत्राला सांगता येत नाही. शेवटी घात केला कोरीवकामाने: ती अक्षरं विजेवर फिरणाऱ्या हत्याराने कोरली असल्याचा निर्वाळा तज्ज्ञांनी दिला. जेफरसनच्या काळात कुठली वीज? शिवाय पै-पैचा हिशेब लिहून ठेवणाऱ्या या गृहस्थाच्या कागदपत्रांत त्या बाटल्यांचा उल्लेखही नव्हता.

संध्याकाळी सुपरमार्केटातून साधीशी बाटली घेतली. "हिची नक्कल कोण करणार?" मी म्हटलं. तो हसला. "नक्कल नाही, साखर घालतात."

कच्च्या द्राक्षरसात साखर ढकलली की मद्यार्क वाढतो. फ्रान्समध्ये काही भागांत याला परवानगी आहे, काही भागांत नाही. उसाची साखर असेल तर कार्बनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) लगेच कळतं, कारण ऊस हवेतला कार्बन द्राक्षवेलीपेक्षा वेगळ्या रीतीने घेतो. आपल्याकडच्या कारखान्यातली साखर पहिल्या फटक्यात पकडली जाईल! बीटची मात्र या चाचणीतून सुटते, कारण बीट आणि द्राक्ष याबाबतीत एकाच पंगतीतले. म्हणून १९८०च्या दशकात नांत विद्यापीठात जेरार मार्तां यांच्या गटाने मद्यार्काच्या रेणूत ड्युटेरियम म्हणजे जड हायड्रोजन कुठे-किती बसलंय ते एनएमआर या चुंबकीय तपासणीच्या यंत्रावर मोजायला सुरुवात केली, आणि बीटही सापडू लागलं.

"मग ही?" मी ग्लास पुढे केला.

"ही पी आता. एनएमआरला द्यायची तर आधी उघडून ऊर्ध्वपातन करावं लागेल."